सातशे रुपयांचा कप्तान

आमच्या खानदेशात प्लेग आधी आला, मोटार नंतर आली आणि जुन्या वस्तूंचा शौक सगळ्यांत शेवटी आला. प्लेगने निदान गरीब-श्रीमंत पाहिलं नाही. शौकाने मात्र नेमके जिनवाले, तेलवाले आणि दोन-चार वकील गाठले.

त्याआधी आमच्याकडे जुनं म्हणजे मोडीत घालायचं. हंडा चेपला की कासाराकडे, पलंगाचा पाय मोडला की चुलीत. पण साहेब लोक पेन्शन घेऊन विलायतेला जाऊ लागले, त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघू लागलं, आणि कुणीतरी बातमी सोडली की शंभर वर्षांपूर्वीचं चित्र घरात असलं म्हणजे घराणं शंभर वर्षांचं होतं. झालं. ज्यांच्या आजोबांनी गाढवावरून मीठ विकलं, त्यांनाही कंपनी सरकारच्या वेळची घड्याळं हवीशी वाटू लागली. चालणारं घड्याळ नको, बंद पडलेलं हवं. बंद घड्याळ जास्त जुनं, असा समज.

माझे मामा या रोगाचे जळगावातले पहिले रोगी. त्यांचा कापसाचा जीन होता, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करायचा कारखाना. मी त्यांच्या घरी राहायचो, त्यांच्या घरी जेवायचो आणि त्यांच्याविरुद्ध पत्रकं लिहायचो. या तिन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. ते म्हणायचे, "शिकलेलं पोर कुणाविरुद्ध तरी लिहिणारच. घरातल्याविरुद्ध लिहिलं तर टपालखर्च तरी वाचतो."

आता जिनाबद्दल सांगतो, कारण चित्राची गोष्ट तिथूनच सुरू होते आणि तिथेच अडते. पिंप्राळ्याहून पहाटे बायका चालत यायच्या. यंत्रासमोर उभं राहून कापूस घालायचा, सरकी खाली पडते, रुई पलीकडे जाते, आणि मधल्या मधे जे पांढरं तूस उडतं ते नाकात, डोळ्यांत, भाकरीत. ज्यांची पोरं अंगावर पिणारी, त्या त्यांना बरोबर आणायच्या आणि सरकीच्या ढिगाशेजारी गोणपाटावर निजवायच्या. दुपारपर्यंत पोरं पिंजलेल्या गादीसारखी दिसायची. सगळी खोकायची. आदल्या हंगामात त्यांतलं एक खोकता खोकता गेलं. त्याची आई चौथ्या दिवशी कामावर आली. मी त्या दिवशी मामांच्या पंगतीला बसून जेवलो नाही. मामींनी माझं ताट झाकून ठेवलं, एवढाच त्याचा परिणाम झाला.

पुढच्या हंगामाच्या मुहूर्ताला, वजनकाट्यावर नारळ फुटला आणि पहिली गाडी रिकामी व्हायची तेवढ्यात बायका आडव्या उभ्या राहिल्या. पुढे त्यांची मुकादमीण. तिला सगळे अक्का म्हणत, मामाही.

"शेठ, आवंदा आमी काम करसूत," ती म्हणाली. "पन पोऱ्यासले निजाडाले छप्पर पायजे. जिनपासून लांब."

मुहूर्त टळत होता, भटजी घाम पुसत होते. मामांनी काट्याला हात लावून शब्द दिला. नंतरच्या आठवड्यात खरंच विटा आल्या, पत्रे आले, कुंपणालगत रचले गेले. मला वाटलं, पत्रकाचा विषय गेला. मी जरा हिरमुसलोसुद्धा.

तेवढ्यात जळगावला नवे कलेक्टर आले. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद होता म्हणे. एका वकिलाच्या घरी त्यांनी चहा घेतला, तिथे भिंतीवरची एक जुनी तलवार पाहून ते अर्धा तास उभे राहिले. मामांच्या दिवाणखान्यात ते आले तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसून गेले. मामांच्या भिंतीवर एका सुताच्या गिरणीची दिनदर्शिका होती. सरकारकडून मामांना हवी असलेली रावसाहेब ही पदवी दिनदर्शिकेने मिळत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग धुळ्याची जाहिरात आली. तिथे एक म्हातारे साहेब वारले होते. त्यांचे आजोबा कंपनी सरकारबरोबर या भागात आलेले, तेव्हापासूनचं सामान बंगल्यात साठलेलं. वारस विलायतेत. सगळं लिलावात. मामांनी मला बरोबर घेतलं, इंग्रजी वाचायला. मी जाणार नाही म्हणालो.

"का?"

"परक्यांची अडगळ विकत घ्यायला मी येत नाही."

"विकत मी घेतो. तू फक्त वाच. वाचायला काय, तू सरकारी हुकूमसुद्धा वाचतोसच ना, शिव्या द्यायला?"

गेलो. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरेपर्यंत मी मनात पत्रकाचा मथळा जुळवत होतो.

बंगल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शिसवी कपाटं, पाय मुडपलेल्या खुर्च्या, कुणा मेलेल्या मडमेचा व्हायोलिनची पेटी, पितळी दुर्बीण, हंड्या, झुंबरं. आणि मधल्या भिंतीवर ते चित्र, उभ्या माणसापेक्षा उंच. लाल कोटातला एक कंपनीचा कप्तान. एक पाय मेलेल्या वाघावर. मागे सातपुडा, पण सातपुडा असा हिरवागार आणि धुक्यातला की यावलच्या माणसाला दाखवला असता तर त्याने विचारलं असतं, हा कुठल्या मुलुखातला डोंगर. बाजूला घोड्याचा लगाम धरून एक भिल्ल. चित्रकाराने घोड्याच्या डोळ्यांत जीव ओतला होता. भिल्लाच्या चेहऱ्यापर्यंत येता येता त्याचा रंग संपलेला दिसत होता.

"कोण हा?" मामांनी विचारलं.

मी खालची पट्टी वाचली. रंग उडालेला, नाव गेलेलं. "नाव नाही."

"उत्तम," मामा म्हणाले. "म्हणजे कुणाचा नातेवाईक निघायचा नाही."

लिलाव करायला मुंबईचा एक पारशी आला होता. त्याने टेबलावर हातोडा ठोकला आणि पहिल्या खुर्चीला बोली मागितली. कुणी बोलेना. समोर खानदेशातले सगळे पैसेवाले बसलेले, पण जणू मौनव्रत. पारशी पुन्हा ओरडला. पुन्हा शांतता. शेवटी धुळ्याचे एक तेलाच्या घाण्यांचे मालक, पोट सावरत उठले आणि म्हणाले, "बावाजी, भाव ओरडायला आम्ही काय मेथीची जुडी विकतो?"

तिथे अडलं होतं. आमच्याकडे कापसाचा सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, भाव त्या दोघांतच. बाजूला सख्खा भाऊ उभा असला तरी त्याला कळत नाही. याला हत्ता म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या असाच व्यापार झालेला. चारचौघांत भाव उच्चारणं म्हणजे धोतर सोडून उभं राहणं. पारशाने थोडा वेळ डोकं खाजवलं. मग खिशातून रेशमी रुमाल काढला आणि म्हणाला, "ठीक छे. हूं आवूं." एक बोट म्हणजे किती रुपये, ते तो प्रत्येक वस्तूला मोठ्याने सांगायचा, मग एकेका शेठजींपाशी जाऊन रुमालाखाली हात द्यायचा. खुर्च्यांना बोट दहाचं. दुर्बिणीला बोट पन्नासाचं. चित्राची वेळ आली तेव्हा त्याने सांगितलं, बोट शंभराचं.

बरेच जण तिथेच रुमालापासून लांब सरले. उरले दोघं, मामा आणि तेलवाले शेठ.

पारशी तेलवाल्यांकडे गेला. रुमाल हलला. मग मामांकडे आला. रुमाल हलला. मग पुन्हा तेलवाल्यांकडे. पुन्हा मामांकडे. "शेठ, उपर?" एवढंच तो विचारायचा. मामांच्या कपाळावरची शीर उठली. मी त्यांना कापसाच्या तेजीत पाहिलंय, मंदीत पाहिलंय, आग लागल्यावर पाहिलंय. असा चेहरा कधी नव्हता. पुन्हा फेरी. पुन्हा. तेलवाले शेठ दरवेळी शांतपणे हात पुढे करायचे आणि छताकडे पाहायचे. शेवटी पारशाने हातोडा ठोकला आणि कप्तान आमचा झाला. सातशे रुपये.

मामा पैसे मोजायला आत गेले. मी व्हरांड्यात उभा होतो. तेलवाले शेठ शेजारी येऊन उभे राहिले, पान लावत.

"तुमचे मामा कुणाशी झुंजत होते हो?"

"तुमच्याशी."

"माझ्याशी?" त्यांनी चुना बोटावरच ठेवला. "मी तर पहिल्या फेरीलाच चारवर थांबलो. पुढं दरवेळी चारच दाबत होतो."

"मग हात का देत होता?"

"सगळे बघत होते ना. आन्‌ त्या पारशाचा हात गार होता, बरं वाटत होतं."

म्हणजे मामांनी पाच दाबली, त्यावर सहा दाबली, त्यावर सात दाबली, आणि प्रत्येक वेळी समोर कुणीच नव्हतं. पारशाने खोटं एक अक्षर सांगितलं नाही. तो फक्त विचारत होता. जगात सगळीकडे लिलाव ओरडून का करतात, ते त्या दिवशी सगळ्या खानदेशात एका माणसाला कळलं असतं, पण तो आत पैसे मोजत होता.

गाडीत मी मामांना सांगितलं. न सांगण्याइतका मी मोठा झालो नव्हतो. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. चाळीसगाव आलं, डबा बदलला, हमालांनी कप्तानाला आडवा करून मालडब्यात घातला. पाचोऱ्याच्या पुढे गेल्यावर म्हणाले, "याचा अर्थ असा की माझ्या वर जायची कुणाची छाती नव्हती."

असल्या लोकांशी आपण वाद घालतो आणि आपल्याला वाटतं, मुद्दा चुकला असेल.

घरी मामींनी चित्र दारातच अडवलं. मामी देवभोळ्या, पण त्या दिवशी त्यांच्याइतकी स्पष्ट बोलणारी बाई मी पाहिली नाही. "मेलेल्या जनावरावर पाय देऊन उभा असलेला परका पुरुष माझ्या देवघराशेजारच्या भिंतीला नको. कोण, कुठला, नाव तरी आहे का त्याला?"

"नाव उडालंय."

"मग अब्रूही उडाली असेल. जिनात न्या."

कप्तान जिनाच्या कचेरीत गेला. तिथे दोन दिवसांत त्याला पांढऱ्या मिशा आल्या. तेलरंगाला तूस चिकटतं. तिसऱ्या दिवशी दाढी आली, वाघाला आयाळ आली, भिल्लाच्या हातातला लगाम जाड कापसाचा दोर झाला. मामा रोज सकाळी मऊ फडक्याने कप्तानाचं तोंड पुसायचे. सख्ख्या मुलाचं तोंड त्यांनी कधी पुसलं नसेल. शेवटी त्यांनी ठरवलं की चित्राला स्वतंत्र खोली हवी. जिनापासून लांब, कुंपणालगत, वाऱ्याच्या उलट बाजूला. दोन दारं, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद. खिडक्यांना बारीक जाळी, तूस आत येऊ नये म्हणून. जमीन शहाबादी. भिंतीत दोन जाड लोखंडी कड्या, कप्तान लटकवायला.

विटा कुठून आणायच्या, हा प्रश्न पडलाच नाही. त्या होत्याच.

मी उभाच्या उभा पेटलो. "या विटा पोरांच्या आहेत."

"पोरांच्या विटा पुन्हा येतील."

"कधी?"

"तू पण काय, विटा कधी पळून गेल्यात?"

मी रात्रीत पत्रक लिहिलं. 'चित्राला खोली, लेकराला धूळ'. मला आजही त्याची लाज नाही; मथळा चांगलाच होता. सातशे रुपयांत किती पत्रे येतात, किती पोरांना छप्पर मिळतं, सगळं त्यात होतं. गुलाबी कागदावर छापलं, बाजारात वाटलं, जिनाच्या फाटकाला चिकटवलं.

मामांनी ते फाटकावरून काढून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि जेवताना म्हणाले, "सातशे चूक आहे. भाडं-हमाली धरून सातशे साठ. पुढच्या वेळी नीट लिही." त्यांनी छापखान्यातून आणखी शंभर प्रती मागवल्या. ज्याला त्याला दाखवायचे. सातशे रुपयांच्या चित्राबद्दल छापून आलं, याचा त्यांना अभिमान होता. त्याखाली मी काय लिहिलंय ते त्यांच्या लेखी बारीक अक्षर होतं. साक्रीहून एक जंगलाचे ठेकेदार खास चित्र पाहायला आले. तेलवाल्या शेठनी धुळ्याहून निरोप धाडला की अशी प्रसिद्धी आपल्या चुलत्याच्या तेराव्यालाही झाली नव्हती.

आणि ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांना वाचता येत नव्हतं. मी दुपारच्या सुटीत बायकांना वाचून दाखवलं. त्या भाकरी खात शेवटपर्यंत ऐकत होत्या. अक्काने कागद हातात घेऊन मागून-पुढून पाहिला.

"भाऊ, कागद चांगला शे. पन ह्यानावर पोऱ्या निजाडता येस का?"

मला राग आला. मी म्हणालो, आधी लोकमत तयार व्हावं लागतं. ती म्हणाली, "व्हऊ दे मंग," आणि मांडीवरच्या नातवाच्या नाकातलं तूस करंगळीने काढू लागली. त्या पोराच्या छातीत तेव्हा शिट्टी वाजत होती. हे तिचं पहिलं नातवंड, लेकीचं. लेक यंत्रावर उभी.

चित्राची खोली झाडायचं काम अक्काकडेच दिलं होतं. रोज सकाळी झाडू मारायची आणि केरसुणी जशीच्या तशी घेऊन यायची. एकदा तिने मला विचारलं, "भाऊ, तठे काईच नही निंघत. तूस जातच नही का तठे?"

"जात नाही. जाळी आहे ना."

"आन्‌ हवा?"

"हवा येते."

"मंग त्याले काय करनी शे ती?" ती म्हणाली. "त्याले थोडाच खोकला शे."

कलेक्टरसाहेब चित्र पाहायला यायचे ठरले. मामांनी कपाशीच्या गाड्या त्या दिवशी मागच्या फाटकाने घेतल्या. रस्त्यावर पाणी मारलं. मला सांगितलं की पांढरी टोपी घालून समोर येऊ नकोस. मी घालून काट्यापाशी उभा राहिलो. साहेबांबरोबर त्यांच्या मडमसाहेबही आल्या. त्यांना पोराबाळांच्या आरोग्याची आवड होती, जिथे जातील तिथे बाळांना तपासायच्या, अशी ख्याती. मामांना हे कुणी सांगितलं नव्हतं. अक्काला सांगितलं होतं. मीच.

मामांनी पहिलं दार उघडलं, मागचं लावलं, दुसरं उघडलं. मी मागून डोकावलो.

कप्तान जमिनीवर होता, भिंतीला टेकवलेला, कमरेपर्यंत गोणपाट गुंडाळलेलं. ज्या कड्यांवर तो लटकत होता त्यांतून लुगड्याची झोळी टांगली होती. खिडक्यांच्या गजांतून झोळ्या, दाराच्या वरच्या पट्टीवरून झोळ्या. आठ झोळ्या, आठ पोरं, त्यांतली सहा झोपलेली. अक्काचा नातू कप्तानाच्या जागी. अक्का खाली बसून दोरी ओढत होती. ती उठली नाही.

मामांच्या तोंडातून आवाज निघाला तो कसला होता, सांगता येत नाही. पण तो निघायच्या आत मडमसाहेब झोळ्यांत शिरल्या होत्या. एका झोळीत डोकावल्या, दुसरीत डोकावल्या, जाळीला बोट लावून पाहिलं, दोन दारं उघडून-मिटून पाहिली. साहेबांना इंग्रजीत भराभर काही सांगितलं. जे ऐकू आलं ते असं, की मुंबईच्या गिरण्यांतसुद्धा इतका विचार केलेला नाही.

साहेबांना मराठीची परीक्षा द्यावी लागलेली होती. ते सावकाश म्हणाले, "हे फार चांगले आहे. हे कोणी केले?"

मामांनी झोळ्यांकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं. व्यापारी माणूस. तेजी कुठे आहे ते त्याला बोटं न दाबताही कळतं.

"मीच," मामा म्हणाले. "गरिबांची लेकरं, साहेब."

साहेबांनी जाता जाता गोणपाट सारून चित्राकडे पाहिलं. वाघ बरोबर काढलेला नाही, म्हणाले. बस.

मी बाहेर येऊन भडकलो होतो. चोराने घरही लुटलं आणि आशीर्वादही घेऊन गेला. अक्काला म्हणालो, "हे तुम्ही केलंत. मी छापतो. नावानिशी नाही, पण छापतो."

"नको," ती म्हणाली. "आपनच करं असं तेले वाटू दे. तेले वाटस तोवर दार उघडं शे."

मामांना दुसऱ्याच दिवशी खोली रिकामी करून हवी होती. पण मडमसाहेबांनी बाई डॉक्टरला पाठवते म्हणून कळवलं, मग स्वतः पुन्हा आल्या, मग दुसऱ्या गावच्या जिनवाल्यांना दाखवायला घेऊन आल्या. मामांना झोळ्या हलवता येईनात. पदवीचीही कुजबुज सुरू झाली. कप्तान आता कचेरीच्या मागच्या बोळात उभा असतो.

इथे मी थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती, आणि गोड गोष्टी लिहायला मला येत नाही. खोली एका चित्राच्या मापाची आहे. तिच्यात आठ झोळ्या मावतात, दाटीवाटी केली तर नऊ. हंगामात अंगावर पिणारी पोरं वीस-बावीस असतात. बाकीची आजही सरकीच्या ढिगापाशी गोणपाटावर निजतात. आत कोण जाणार ते अक्का ठरवते. ज्याचा खोकला वाईट त्याचा नंबर. म्हणजे आत जायला आधी पोराची छाती बिघडली पाहिजे. तिचा स्वतःचा नातू बरा झाला तसा तिने त्याला बाहेर काढला आणि लेक तिच्याशी आठ दिवस बोलली नाही.

मी मामांना दर महिन्याला विचारतो. मोठी खोली कधी?

मामा चिडत नाहीत. "बघू," म्हणतात. "दुसरं एखादं चांगलं चित्र मिळालं तर. नुसत्या पोरांसाठी म्हणून बांधकाम काढलं, तर माझे भागीदार काय म्हणतील?"

आधी मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. ज्या गोष्टीसाठी भागीदारांना, कारकुनाला आणि स्वतःला उत्तर देता येतं, त्याच गोष्टीला त्यांच्या हातून पैसा सुटतो. पोराच्या छातीसाठी सुटत नाही. हे मी तीन पत्रकांत लिहून पाहिलं, तिन्हींच्या त्यांनी जादा प्रती मागवल्या.

म्हणून हल्ली पेपर आला की मी बातम्या नंतर वाचतो. आधी लिलावाच्या जाहिराती. मुंबई, पुणे, नगर, कुठेही साहेबाचं सामान निघालं की मी मामांपुढे ठेवतो. परवा एक आढळलं, कंपनीच्या वेळचंच, कुठल्याशा दरबाराचं. हत्ती, पालख्या, अंबाऱ्या, दोन भिंती व्यापेल असं. मामा चष्मा लावून बराच वेळ जाहिरात पाहत होते. मी दुपारी जिनात जाऊन अक्काला सांगितलं. तिला दरबाराचं काही नव्हतं. तिने फक्त दोन्ही हात पसरून विचारलं, "एवढं?"

"त्याहून मोठं."

"मंग शेठले तेच घेवाले लाव, भाऊ," ती म्हणाली, आणि आत कुणीतरी खोकलं म्हणून उठून गेली.